उपचारांची निवड आणि वेळेचे मोल

मृग नक्षत्र लागले की ग्रामीण महाराष्ट्रात पेरणीची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास सर्पदंशाच्या घटनाही वाढू लागतात. बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात. उंदीर-बेडकांच्या मागावर ते घराच्या, गोठ्याच्या आणि धान्याच्या कणगीच्या आसपास येतात. नेमक्या याच दिवसांत शेतकरी आणि शेतमजूर अनवाणी पायांनी चिखलात व गवतात वावरत असतात. अशा वेळी साप चावला की घरातील माणसांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘कोठे न्यावयाचे?’ हा. देवळात बसवून मंत्र घालणाऱ्याकडे, झाडपाला देणाऱ्या जाणत्याकडे, की प्राथमिक आरोग्य केंद्रात? या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा माणसाचा जीव अवलंबून असतो.

हा प्रश्न केवळ सर्पदंशापुरता मर्यादित नाही. कुत्रा चावला, कावीळ झाली, हाड मोडले, सांधे धरले किंवा मधुमेह जडला, तरी तो पुनःपुन्हा उभा राहतो. एकीकडे आधुनिक वैद्यक आहे. दुसरीकडे आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांसारख्या शासनमान्य पद्धती आहेत. त्यांच्या पलीकडे गावोगावचे वैदू, भगत व मांत्रिक आहेत. या सर्वांना एका रांगेत बसवून ‘श्रेष्ठ कोण?’ असा वाद घातला जातो. या वादातून रुग्णाचे हित साधत नाही. रुग्णाच्या दृष्टीने खरे प्रश्न दोनच आहेत. पहिला, हा आजार आपल्याला वाट पाहू देईल काय? आणि दुसरा, काहीही उपाय केला नसता तर या आजाराचे काय झाले असते? हे दोन प्रश्न मनाशी नीट धरले, तर बहुतेक प्रसंगी निवड कठीण राहत नाही.

सर्पदंश : प्रश्नाचे गांभीर्य

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. वर्षाला सरासरी ५८,००० असे हे प्रमाण पडते. यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते आणि एक चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यांपैकी बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात, रुग्णालयात नव्हे तर घरी झाले. सर्पदंशावर गुणकारी औषध उपलब्ध असताना रुग्ण त्या औषधापर्यंत पोचलेच नाहीत, असा याचा अर्थ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंश प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. हे उद्दिष्ट केवळ औषधांच्या साठ्याने साध्य होणारे नाही. दंश झाल्यानंतरच्या पहिल्या तासात गावात कोणता निर्णय होतो, यावर ते मुख्यतः अवलंबून आहे.

मंत्राने विष उतरते, असे का वाटते?

मांत्रिकावरील लोकांच्या विश्वासाला केवळ अडाणीपणा म्हणून चालणार नाही. त्या विश्वासामागे अनुभव असतो. मात्र त्या अनुभवाचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

भारतात सापांच्या सुमारे तीनशे जाती आहेत. त्यांपैकी साठ जाती विषारी गणल्या जातात. महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूस प्रामुख्याने कारणीभूत होणारे साप चारच : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. गावात वारंवार दिसणारे धामण, दिवड, गवत्या, कवड्या हे साप बिनविषारी होत. कवड्या हा मण्यारीसारखा दिसतो आणि डुरक्या घोणस हा घोणसीसारखा. त्यामुळे भीतीच्या भरात ओळखण्यात चूक होते. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा दंशाला ‘कोरडा दंश’ म्हणतात.

यावरून असे दिसेल की, मांत्रिकाकडे नेलेल्या रुग्णांपैकी पुष्कळांच्या शरीरात विष गेलेलेच नसते. ते रुग्ण मंत्राविनाही बरे झाले असते. ते चालत घरी जातात आणि मांत्रिकाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, तो रुग्ण मात्र दगावतो. त्या वेळी ‘उशीर झाला’, ‘काळच आला होता’, असे समाधान करून घेतले जाते. यश मंत्राच्या खात्यावर आणि अपयश दैवाच्या खात्यावर, अशा हिशेबात मंत्राची परीक्षा कधीच होत नाही.

मांत्रिकाची आणखी एक बाजू आहे व तीही विचारात घेतली पाहिजे. तो मध्यरात्रीही हाकेच्या अंतरावर असतो. तो रुग्णाच्या बोलीत बोलतो, घरच्यांना धीर देतो आणि पुष्कळदा पैसेही घेत नाही. आरोग्य केंद्र दहा-पंधरा किलोमीटर दूर असेल, वाहन मिळत नसेल किंवा तेथे पोचल्यावर ‘पुढे न्या’ एवढेच ऐकावे लागत असेल, तर लोक पुन्हा पारावरच्या मांत्रिकाकडे वळतात. यास्तव केवळ अंधश्रद्धेची निंदा करून भागणार नाही. दवाखानाही तितकाच जवळचा वाटला पाहिजे.

प्रतिविष म्हणजे काय?

ज्याला लोक ‘सापाची लस’ म्हणतात ते खरे पाहता प्रतिविष होय. घोड्याला सर्पविषाच्या अत्यंत अल्प आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या मात्रा टोचतात. त्यामुळे घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे घटक तयार होतात. ते शुद्ध करून त्यापासून औषध बनवितात. आपल्याकडे वापरले जाणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची किंवा त्याच्या शोधात वेळ घालविण्याची आवश्यकता नसते. मुंबईची हाफकिन संस्था या क्षेत्रातील आपल्या राज्याची जुनी संस्था आहे. शासकीय आरोग्य केंद्रांत व रुग्णालयांत हे औषध विनामूल्य दिले जाते.

चार सापांची विषे दोन प्रकारे काम करतात. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि अखेर श्वास थांबतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखू लागते, घसा धरतो आणि घरच्यांना अपचनाचा किंवा बाहेरच्या बाधेचा संशय येतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. दंशाच्या जागी सूज येते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाते. घोणसीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

रक्तावर परिणाम झाला आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ व कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विषबाधा झाली आहे असे समजतात. अशी चाचणी लहानशा आरोग्य केंद्रातही होऊ शकते. मंत्राचा परिणाम मोजण्याची अशी कोणतीही नळी नाही, हा दोहोंतील मूलभूत फरक आहे.

प्रतिविष शरीरात फिरणारे विष निष्प्रभ करते. आधीच झालेली हानी मात्र ते पूर्णपणे भरून काढू शकत नाही. म्हणूनच ते वेळीच मिळाले पाहिजे. या औषधाची काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रियाही येते. त्यामुळे ते घरी किंवा वाटेत न टोचता, प्रतिक्रिया आवरण्याची सोय असलेल्या ठिकाणीच द्यावे लागते.

दंशानंतर करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. रुग्णाला धीर द्यावा. बांगड्या, अंगठ्या, पैंजण, घड्याळ काढून ठेवावे. हाड मोडल्यावर करतो त्याप्रमाणे चावलेल्या अवयवाला फळीचा आधार देऊन तो हलणार नाही असे करावे. रुग्णाला चालू देऊ नये. वाहन मिळेल तसे, किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून, त्याला त्वरित दवाखान्यात न्यावे आणि दंशाची वेळ डॉक्टरांना सांगावी. करकचून दोरी बांधणे, जखमेवर चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, कोंबडी लावणे, कडुनिंबाचा पाला चारून कडू-गोडाची परीक्षा पाहणे, यांपैकी काहीही करू नये. घट्ट बांधलेल्या दोरीने रक्तप्रवाह थांबून अवयव गमावण्याची वेळ येते.

परंपरा आणि कसोटी

यावरून पारंपरिक ज्ञान सर्वस्वी टाकाऊ आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रतिविषाचेच उदाहरण घेऊ. त्यासाठी लागणारे सर्पविष कोठून येते? तामिळनाडूतील इरुला ही आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या साप पकडण्यात निष्णात आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापांच्या कातड्यांचा व्यवसाय बंद पडला, तेव्हा १९७८ साली इरुलांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे सभासद साप पकडतात, त्यांचे विष काढतात आणि त्यांना पुन्हा रानात सोडून देतात. देशातील प्रतिविषाच्या निर्मितीसाठी लागणारे विष प्रामुख्याने या संस्थेकडून मिळत आले आहे. या जमातीतील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. परंपरेचे कौशल्य आणि प्रयोगशाळेची शिस्त एकत्र आली की तिचे फळ किती मोठे असते, याचा हा दाखला होय.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. सर्पगंधा ही वनस्पती सर्पदंशावर आणि मनोविकारांवर परंपरेने वापरली जात असे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर वापर करून निरीक्षणे नोंदविली व १९४९ साली ती ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९५२ साली या वनस्पतीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले व ते जगभर रक्तदाबावर वापरले गेले. जिच्या नावातच सर्प आहे, ती वनस्पती सर्पविषावर नव्हे, तर रक्तदाबावर उपयोगी ठरली. झाडपाल्यात गुण असतो. परंतु तो कोणत्या रोगावर आणि किती मात्रेत, हे कसोटीला लावल्यावाचून कळत नाही.

आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकारांनाही ही दृष्टी होती. विषचिकित्सा, म्हणजेच अगदतंत्र, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे. रोग साध्य आहे की असाध्य, हे आधी पारखावे आणि मग उपचारास हात घालावा, अशी चरकसंहितेची शिकवण आहे. त्या काळी उपलब्ध असलेले सर्वोत्तम उपाय त्यांनी सांगितले. आज त्याहून प्रभावी उपाय हाताशी असताना तो नाकारणे, हे त्या परंपरेशीही सुसंगत होणार नाही. राज्यातील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेदाचे पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आहेत. सर्पदंशाच्या रुग्णावर तेही प्रतिविषाचेच उपचार करतात.

विंचू, कुत्रा आणि कावीळ

विंचवाच्या बाबतीतही असेच घडते. काळ्या विंचवाच्या दंशाची वेदना काही तासांनी आपोआप ओसरते आणि ‘विंचू उतरला’ असे म्हटले जाते. कोकणातील लाल विंचू मात्र घातक असतो. त्याच्या दंशानंतर दरदरून घाम येतो, वांत्या होतात, हातपाय गार पडतात व पुढे फुप्फुसांत पाणी साठून रुग्ण दगावतो. रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात राहून अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर परिणामकारक ठरते, हे दाखवून दिले. त्यांचे संशोधन १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आधुनिक वैद्यक म्हणजे केवळ मोठ्या शहरांतील महागडी यंत्रे नव्हेत, हे या कार्यावरून स्पष्ट होते.

कुत्र्याच्या दंशात धोका अधिक फसवा असतो, कारण तो लगेच दिसत नाही. रेबीजची लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी प्रकट होतात आणि एकदा ती प्रकट झाली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. त्यामुळे अंगारा लावलेले अनेक जण सुखरूप राहतात आणि अंगाऱ्याला यश मिळाल्यासारखे वाटते. ज्याला खरोखर रोगजंतूंचा संसर्ग झाला आहे, त्याच्या बाबतीत ही चूक सुधारण्याची संधी मिळत नाही. दंश होताच जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, तिखट, तेल लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची भीती अजूनही अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस देशात २००५ पासून वापरात नाही. आता लस दंडावर देतात. शासकीय रुग्णालयांत सामान्यतः पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ती दिली जाते. जखम खोल असेल, तर जखमेत वेगळे प्रतिद्रव्यही टोचावे लागते.

काविळीचा प्रकार याहून निराळा आहे. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेक रुग्णांत विश्रांतीने व योग्य आहाराने काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे गळ्यात घातलेली माळ, नाकात घातलेले थेंब किंवा ‘उतरविलेली’ कावीळ, यांतील प्रत्येकाला गुण येतो. हातावर आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. ही रासायनिक क्रिया आहे, अंगातील कावीळ त्यात उतरत नाही. परंतु कावीळ हे अनेक रोगांचे एकच लक्षण आहे. पित्तनलिकेतील खडा, गाठ, ‘बी’ प्रकारची यकृतदाहाची साथ, हेही तिच्यामागे असू शकतात. गरोदर स्त्रीला झालेली ‘ई’ प्रकारची कावीळ तर प्राणघातक ठरू शकते. यास्तव रक्ताची तपासणी करून कारण जाणून घेणे, हे पहिले पाऊल होय.

दीर्घकालीन आजारांत

सांधेदुखी, अपचन, निद्रानाश, त्वचेचे जुनाट विकार अशा आजारांत रुग्णाला विचार करण्यास अवधी असतो. निदान झाल्यानंतर अशा आजारांसाठी नोंदणीकृत वैद्यांचा किंवा होमिओपॅथीच्या चिकित्सकांचा सल्ला घ्यावयाचा की नाही, हे रुग्ण ठरवू शकतो. आहार, दिनचर्या व योगासने यांचे महत्त्व आधुनिक डॉक्टरही सांगतात. मात्र चार पथ्ये पाळली पाहिजेत.

पहिले, चिकित्सक नोंदणीकृत असल्याची खात्री करावी. दुसरे, औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकद्रव्ये पाहावीत. कागदाच्या पुडीतील बेनामी भुकटीत स्टिरॉइड किंवा शिसे, पारा यांसारखे धातू असण्याचा धोका असतो. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ ही समजूत खरी नव्हे. तिसरे, आपण घेत असलेली सर्व औषधे दोन्हीकडच्या चिकित्सकांना सांगावीत. चौथे, मधुमेहाचे इन्शुलिन, क्षयाची औषधे, रक्तदाबाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत. क्षयरोग्याला थोड्या आठवड्यांत बरे वाटू लागते. पण औषध मध्येच सोडल्यास रोग औषधाला दाद देईनासा होतो.

कायद्याची भूमिका

मधुमेह, कर्करोग अशा अनेक रोगांवर हमखास इलाज असल्याच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने प्रतिबंध केला आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यास त्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे, हा या कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. येथे ‘रोखणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणाच्या श्रद्धेला हा कायदा हात घालीत नाही. त्या श्रद्धेपायी रुग्ण उपचाराला मुकू नये, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

आणखी एक व्यावहारिक बाब नमूद केली पाहिजे. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे. रुग्ण दवाखान्यात गेलाच नाही, तर मृत्यूचे कारण सिद्ध करणे कुटुंबाला कठीण जाते. म्हणजे माणूसही जातो आणि कुटुंबाचा आधारही.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत या विषयाला अर्धा तास द्यावा. सर्वांत जवळच्या कोणत्या केंद्रात प्रतिविष आणि रेबीजची लस उपलब्ध आहे, याची वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून खात्री करून ती माहिती चावडीवर, शाळेत व वाड्या-वस्त्यांवर लावावी. साठा नसेल, तर तो विषय तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मांडावा. रात्री वाहन देऊ शकणाऱ्या चार-पाच जणांची नावे व दूरध्वनी क्रमांक आशा कार्यकर्तीकडे असावेत.

गावातील भगत, वैदू यांना विरोधक समजू नये. मेळघाटातील भूमकाप्रमाणेच आदिवासी भागांत या मंडळींच्या शब्दाला वजन असते. त्यांना सन्मानाने सभेस बोलवावे. ‘तुम्ही रुग्णाला धीर द्या, देवाचे नाव घ्या, पण ते वाहनात बसून, दवाखान्याच्या वाटेवर घ्या’, एवढे त्यांनी मान्य केले तरी अनेक जीव वाचतील.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. चार विषारी सापांची चित्रे, दंशानंतर काय करावे व काय टाळावे, हे विद्यार्थ्यांना पावसाळ्याच्या आरंभीच समजावून सांगावे. रात्री बाहेर पडताना विजेरी व काठी घेणे, जमिनीऐवजी खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपणे, गवतात काम करताना बूट घालणे, घरालगत लाकडे व गोवऱ्यांचे ढीग न रचणे, या साध्या सवयींनी दंशच टळतात. मुले हा निरोप घरी पोचवितात आणि आणीबाणीच्या क्षणी वडीलधाऱ्यांना आठवणही तीच करून देतात.

श्रद्धा, परंपरा आणि विज्ञान यांचा निवाडा एका दिवसात होणारा नाही व त्याची घाईही नाही. सांधे दुखत असतील, तर त्यावर महिनाभर विचार करता येईल. घोणस चावलेल्या शेतकऱ्याजवळ मात्र महिना नसतो, दिवसही नसतो. काही तासच असतात. ते तास दवाखान्याच्या वाटेवर खर्च व्हावेत, एवढा निर्णय प्रत्येक गावाने पहिल्या पावसापूर्वी करून ठेवावा.